स्कापा फ्लोची बुडालेली जहाजं: थंड, खोल पाण्यात क्लबबरोबर पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी बहुतेकांनी स्कूबा पहिल्यांदा केलं ते तारकर्ली-मालवणला, नाहीतर गोव्याच्या ग्रँड आयलंडला. कोमट पाणी, पाठीवरच्या सिलिंडरला धरून नेणारा प्रशिक्षक, नाकासमोरून जाणारे मासे. माझीही सुरुवात तीच. पुढे नोकरीसाठी इंग्लंडला आले, इथल्या एका डायव्हिंग क्लबात नाव घातलं आणि चौथ्या वर्षी ऑर्कनीला जाऊन शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन क्रूझरवर उतरले. आता इथे नव्याने आलेली मराठी मुलं-मुली मला विचारतात, की आम्हालाही ते जहाज बघायचंय, काय करावं लागेल? हा लेख त्यांच्यासाठी आहे. हा वाचून कुणी एकट्याने पाण्यात उतरू नये. शिकवायचं काम क्लबचं आणि प्रशिक्षकांचं आहे. कोणत्या क्रमाने काय येतं आणि का येतं, एवढंच मी सांगते आहे.

जागा आधी समजून घ्या

स्कापा फ्लो म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांनी चहूबाजूंनी वेढलेला समुद्राचा तुकडा. पहिलं महायुद्ध थांबल्यावर नोव्हेंबर १९१८ पासून जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे नजरकैदेत होती. २१ जून १९१९ रोजी अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी आपलीच जहाजं बुडवायचा हुकूम दिला. ऑर्कनीतली शाळकरी पोरं त्या दिवशी ‘फ्लाइंग केस्ट्रेल’ नावाच्या बोटीतून सहलीला निघाली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ही जहाजं कलंडत गेली. एका दिवसात ५२ जहाजं बुडाली. पुढच्या काळात बहुतेक वर काढून भंगारात गेली. सात मोठी उरली: क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या अवजड युद्धनौका (बॅटलशिप), आणि क्योल्न, ड्रेस्डेन, कार्ल्सरूहे, ब्रुमर या त्यांच्याहून हलक्या क्रूझर.

नवख्या डायव्हरच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा फरक असा, की क्रूझर कुशीवर पडल्या आहेत आणि युद्धनौका पालथ्या. युद्धनौकांच्या वरच्या भागात तोफांचे मनोरे, म्हणजे सगळं वजन वर. त्यामुळे बुडताना त्या उलटल्या. पालथ्या जहाजावर उतरलं की आधी दिसतो तो नुसता तळ, डोंगराच्या पाठीसारखा. बघण्यासारखं सगळं खाली, कडेच्या अंधारात, ३५ ते ४५ मीटरवर. कुशीवर पडलेल्या क्रूझरची वरची कूस मात्र बरीच उथळ असते. तळ ३५ मीटरच्या आसपास असला तरी तुम्हाला सगळी डाइव्ह तळाशी काढावी लागत नाही. वरच्या कुशीच्या बाजूने फिरूनही जहाज दिसतं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने कार्ल्सरूहेपासून सुरुवात करावी, मग क्योल्न किंवा ड्रेस्डेन, आणि आठवडा नीट गेला तरच युद्धनौका. कितीतरी जण ‘बॅटलशिप’ या शब्दाला भुलून पहिल्याच दिवशी मार्कग्राफ मागतात. चांगला क्लब नाही म्हणतो.

क्लब शोधा, आणि हिवाळ्यात शोधा

ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ पासून आहे आणि त्याच्या शाखा देशभर आहेत. सगळे त्याला ‘बीसॅक’ म्हणतात. शाखा म्हणजे आठवड्यातून एकदा कुठल्यातरी शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात रात्री जमणारी वीस-पंचवीस माणसं. प्रशिक्षक पगारी नसतात; दिवसा कुणी प्लंबर असतो, कुणी नर्स, आणि रात्री तुमचा मास्क तलावाच्या तळाशी टाकून ‘आता घालून दाखव’ म्हणतात. गंमत म्हणून हे एक-दोनदा करून पाहण्याची सोय बहुतेक शाखांत असते. तिथे जाऊन आधी माणसं बघा. नवख्याशी कोण बोलतं, कोण आपली खोली फुशारकीने सांगतं, कुणी डाइव्ह सोडून दिल्याची गोष्ट सांगितली तर बाकीचे काय म्हणतात, एवढं तासाभरात कळतं. मला या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि का ते पुढे येईल.

हिवाळ्यात नाव घातलं की तलावाचे महिने हाताशी येतात आणि उन्हाळ्यात समुद्र मिळतो. मे महिन्यात आलेल्याला तलाव नको असतो, त्याला थेट बोट हवी असते, आणि तिथेच घाई सुरू होते.

नाव घालताना तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, चालू औषधं, सगळं खरं लिहा. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं तर डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरकडे जावं लागतं, बस्स. खोटं लिहिलेला फॉर्म तुमच्याइतकाच तुमच्या बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, धोक्यात घालतो, कारण ३५ मीटरवर तुम्हाला झटका आला तर वर आणायचं काम त्याचं आहे.

ड्रायसूट: याला घाई चालत नाही

स्कापा फ्लोचं पाणी वसंत ऋतूत ६-७ अंश असतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी फार तर १३-१४. मालवणच्या सवयीच्या माणसाला हा आकडा वाचून काही कळत नाही. फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी साधारण त्याच थंडीचं असतं. त्यात तासभर राहायचंय. म्हणून वेटसूट नाही, ड्रायसूट: मानेला आणि मनगटांना घट्ट बसणारे रबरी सील, छातीवर हवा आत सोडायचं बटण, डाव्या दंडावर हवा बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह. आत जाड अंतर्वस्त्रांचा थर. ऊब त्या थराची आणि त्यात अडकलेल्या हवेची. सूटचं काम फक्त पाणी बाहेर ठेवण्याचं.

सील घालायची एक रीत आहे. आधी अंगठ्या, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र काढून नीट ठेवून द्या; लॅटेक्सचा सील नखानेही फाटतो. सीलच्या आत टाल्कम पावडर लावा. लांब केस असतील तर वर बांधा. मानेच्या सीलखाली चार केस जरी अडकले तरी ते वातीसारखं पाणी आत ओढतात, आणि वीस मिनिटांनी पाठीवरून एक बारीक गार ओघळ उतरायला लागतो. मूठ घट्ट वळली की मनगटाच्या सीलखाली स्नायूंच्या दोऱ्या (कंडरा) उठतात आणि त्यांच्या खोबणीतून पाणी शिरतं; म्हणून वजनदार वस्तू खाली मूठ आवळून धरू नका. सगळं घातल्यावर खाली बसा, गुडघे छातीशी घ्या, मानेचा सील एका बोटाने किंचित उघडून आतली जादा हवा ‘फुस्स’ करून बाहेर जाऊ द्या.

पाण्यात मुख्य शिकायचं ते हवेशी वागणं. खाली जाताना दाब वाढतो, सूट अंगाला आवळतो, तेव्हा थोडी थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते. ती बाहेर सोडली नाही तर तुम्हाला फुग्यासारखं वर घेऊन जाते. पाय डोक्याच्या वर गेले तर हवा बुटांत जमते आणि माणूस उलटा वर निघतो. उपाय असा: गुडघे पोटाशी, अंगाचं मुटकुळं करून गोल फिरायचं, डोकं वर आलं की डावं कोपर उचलायचं. हे तलावात तीस वेळा करा. मी तीस म्हणते कारण माझ्या प्रशिक्षकाने माझ्याकडून तेवढ्या वेळा करून घेतलं, आणि एकतिसाव्या वेळेला समुद्रात डोक्याने विचार करायच्या आधी अंगाने केलं.

या सूटमुळे खाली जाण्यासाठी बांधायचं शिसंही जास्त लागतं. मालवणला कमरेला चार-पाच किलो पुरलं असेल, इथे दहा-बारा किलो सहज लागतं, आणि गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात जाताना आणखी दोन-तीन. प्रत्येक डाइव्हनंतर वहीत लिहून ठेवा: कोणता थर, कोणते सिलिंडर, किती शिसं.

खाणीचं पाणी

तलावानंतर लगेच समुद्र येत नाही. मध्ये येतात पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणी. लेस्टरशायरमधली स्टोनी कोव्ह ही त्यातली सर्वांत गजबजलेली. ३५ मीटरच्या थोडी पुढे जाते, पायरीपायरीने खोल होते, मुद्दाम बुडवलेली एक बोटही आहे. हिवाळ्यात पाणी ४-५ अंशांवर येतं. तिथे जे जमतं ते स्कापात जमतं.

माझी सगळ्यात उपयोगी पडलेली फजिती खाणीतलीच. जानेवारीतली सकाळ होती, काठावर बर्फाचे पापुद्रे. पाण्यात शिरण्यापूर्वी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र, चालतोय का बघायला मी काठावरच दहा-बारा मोठे श्वास घेतले आणि त्यातच सोडले. सिलिंडरमधली हवा दाबातून सुटताना फार गार होते; माझ्या श्वासातल्या ओलाव्याचा आत बर्फ झाला आणि १५ मीटरवर व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच राहिला. तोंडासमोर फेसाचा धबधबा, कानात गर्जना, उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा बघताबघता खाली. बडीने माझ्या डोळ्यांसमोर आपला जादा रेग्युलेटर धरला, तो मी तोंडात घेतला, आणि त्याने माझ्या मागचा व्हॉल्व्ह बंद केला. आम्ही एकमेकांचे पट्टे धरून ठरलेल्या वेगाने वर आलो.

यातून धरायच्या गोष्टी अशा. थंड पाण्यासाठी बनवलेलाच रेग्युलेटर घ्या. युरोपात १० अंशांखाली चालणारे वेगळे तपासलेले असतात. काठावर, गार हवेत, त्यात श्वास सोडू नका. तपासणी करायची तर तोंड पाण्यात घालून करा. सूटमध्ये हवा घेणं आणि मोठा श्वास घेणं एकाच वेळी करू नका. दोन सिलिंडर असतील तर दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) लावा आणि मागे हात नेऊन दोन्ही व्हॉल्व्ह स्वतः बंद-चालू करता येतात का ते जाड हातमोजे घालून पाहा. घरी कोरड्या खोलीत जमतं, पाण्यात हात पोचत नाही, असं पुष्कळांचं होतं. बहुतेक वेळा सिलिंडर दोन बोटं वर सरकवले की पोचतो.

खोली पायरीपायरीने वाढवायची

बीसॅकमध्ये ओशन डायव्हर ही पहिली पायरी. तिची मर्यादा २० मीटर. मग स्पोर्ट्स डायव्हर, त्यात डेको म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबे घेऊन करायच्या डाइव्ह आणि बचावाचं शिक्षण येतं. मग डाइव्ह लीडर. हवेवर ५० मीटर ही क्लबने घातलेली शेवटची सीमा, आणि तिथपर्यंत जायची गरज स्कापात पडत नाही. खोली पाच-पाच मीटरने वाढवायची, प्रत्येक पायरीवर अनेक डाइव्ह, आणि प्रत्येक वेळी तुमच्यापेक्षा अनुभवी माणूस बरोबर.

ही पद्धत सोडू नका, कारण ३० मीटरच्या पुढे नायट्रोजनची नशा चढते. ती कधी आनंदाची असते, कधी भीतीची, आणि अंधार-थंडी असली तर बहुतेकदा भीतीची. गेजवरचा आकडा दिसतो पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागतो. एकच गेज तीनदा बघितलं असं लक्षात आलं, तर तीच खूण. पाच मीटर वर या, उतरते.

हवेचं गणित कागदावर मांडा

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि इथेच खरी डाइव्ह ठरते. मी सगळ्या नवख्यांना पेन्सिल घेऊन बसवते.

समुद्रात दर १० मीटरला दाब १ बारने वाढतो (बार हे दाबाचं माप). वर १, म्हणून ३६ मीटरवर ४.६ बार. शांत माणूस वर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो; ३६ मीटरवर तोच श्वास ९२ लिटरचा होतो. उतरण्यासकट खाली २५ मिनिटं धरली तर २,३०० लिटर. आता वर येणं: मिनिटाला ९-१० मीटरहून वेगात नाही, म्हणजे चार मिनिटं, सरासरी १८ मीटर खोली, सुमारे २२५ लिटर. ६ मीटरवर १५ मिनिटांचा थांबा धरला तर ४८० लिटर. (थांबा नेमका किती, ते डाइव्हचं टेबल किंवा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सांगेल, मी इथे समजण्यासाठी आकडा धरला आहे.) एकूण तीन हजारांच्या आसपास.

१२ लिटरचा एक सिलिंडर २३२ बारला भरला तर त्यात २,७८४ लिटर बसतात. म्हणजे काहीही बिघडलं नाही तरी तुम्ही थांब्यावर असताना हवा संपेल. मालवणला पाठीवर होता तसला एक सिलिंडर घेऊन ही डाइव्ह का होत नाही, ते या एका वजाबाकीत आहे.

१२ लिटरचे दोन, म्हणजे ट्विन-सेट घेतला तर ५,५६८ लिटर. आता वाईट वेळ मांडा: तळ सोडायच्या क्षणी बडीची हवा गेली. घाबरलेली दोन माणसं, प्रत्येकी ३० लिटर. प्रसंग सावरायला खाली एक मिनिट: २७६. वर यायला चार मिनिटं: ६७२. थांब्यावर जरा शांत झाल्यावर दोघांची मिळून ४० लिटर धरली तर १५ मिनिटांना ९६०. बेरीज १,९०८ लिटर; २४ लिटरच्या ट्विन-सेटमध्ये ते ८० बार होतात. म्हणून तळ सोडताना दोघांच्याही गेजवर ८० बारच्या वर असलं पाहिजे. हे ८० बार तुमचे नाहीत, बडीचे आहेत. मी परत फिरायचा आकडा यापेक्षा बराच वर ठेवते, कारण थंडीत आणि उलट्या ओढीत (प्रवाहात) २० लिटरचा श्वास २० राहत नाही.

हवेऐवजी नायट्रॉक्स वापरला तर ऑक्सिजनचं प्रमाण जास्त आणि नायट्रोजन कमी, म्हणून थांबे कमी होतात. पण ऑक्सिजनही खोलीवर विषारी ठरतो. १.४ बारची मर्यादा धरली तर २८ टक्क्यांचं मिश्रण ४० मीटरपर्यंत, ३२ टक्क्यांचं ३३ मीटरपर्यंतच. म्हणजे कार्ल्सरूहेवर वापरलेला सिलिंडर डोळे झाकून मार्कग्राफच्या तळाशी नेता येत नाही. प्रत्येकाने आपला सिलिंडर स्वतः अ‍ॅनालायझरवर तपासायचा आणि टेपवर टक्केवारी, कमाल खोली, तारीख लिहून चिकटवायची. दुसऱ्याने तपासला म्हणून सोडून द्यायचं नाही, नवऱ्याने तपासला तरी.

पोचणं

आमचा क्लब बोट वर्षभर आधी ठरवतो. शनिवार ते शनिवार, बारा जण, राहणं-जेवण बोटीवरच. स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉमनेसची फेरी दीड तासाची. डेकवर उभे राहा म्हणजे हॉय बेटाचा उभा दगडी सुळका दिसेल. स्ट्रॉमनेसच्या दुकानांत तुटलेले पट्टे, ओ-रिंग, हातमोजे मिळतात, पण तुमच्या मापाचा मानेचा सील मिळेलच असं नाही, तो जादा घरून आणा.

परतीचं विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान २४ तास सोडून तिकीट काढा. हे आधीच करा, शेवटच्या दिवशी मोह होतो.

डाइव्हची सकाळ

साधारण दिवसाला दोन डाइव्ह: सकाळी खोल, दुपारी उथळ. नाश्त्यानंतर स्किपर फळ्यावर जहाज काढतो: पुढचं टोक कुठे, शॉटलाइन कुठे बांधली आहे, कुठला भाग भंगारवाल्यांनी सुरुंग लावून उघडा केला. हे लक्ष देऊन ऐका. शॉटलाइन म्हणजे जहाजापासून वर बॉयाला गेलेला दोर. तो तुमचा जिना.

स्कापाच्या मधल्या भागात ओढ फारशी नसते, म्हणूनच ही जागा नवख्यांना मानवते. पण दुपारची डाइव्ह बरा साउंड या खाडीतल्या ब्लॉकशिपवर, म्हणजे वाट अडवायला मुद्दाम बुडवलेल्या जहाजावर, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यातच उतरता येतं. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग सांगायला नको. उधाणाच्या दिवसांत ही थांबलेली वेळ फार थोडी मिळते, भांगाला जरा जास्त.

क्लबचा त्या दिवसाचा डाइव्ह मॅनेजर पाण्यात नसतो, डेकवर कागद घेऊन असतो: कोण, कुणाबरोबर, किती हवा, किती वाजता आत, किती वाजता बाहेर. त्याला न सांगता काहीही बदलायचं नाही. बडीबरोबर एकमेकांचं सगळं हाताने तपासा: फुगवायचं जाकीट, हवा, बकलं. श्वास घेताना गेजकडे बघा. काटा हलला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. खुणाही पुन्हा म्हणा. वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. हे नवख्यांच्या हातून सवयीने चुकतं. अंधारात टॉर्चने जमिनीवर संथ गोल काढला तर ‘ठीक’, जोरात आडवा हलवला तर ‘अडचण’.

मग उडी. मास्क आणि रेग्युलेटर एका हाताने दाबून, एक मोठं पाऊल पुढे. चेहऱ्याच्या उघड्या भागाला गार पाणी चावतं आणि श्वास अडकतो. बॉयाला धरून एक मिनिट थांबा, श्वास लांब होईपर्यंत. हे मिनिट कधीही वाचवू नका.

उतरताना दोर हातात सैल ठेवा. कान, सूट, बडी, गेज, पुन्हा कान. दहा मीटरपर्यंत पाणी हिरवं असतं, वीसला शेवाळी काळपट. मग दोराच्या खाली अंधार जरा जास्त दाट वाटतो, आणि तो दाटपणाच जहाज असतो. क्योल्नवर मी पहिल्यांदा हात लांब करून टॉर्च फिरवला तेव्हा समोर भिंत होती, पांढऱ्या समुद्रफुलांनी गच्च भरलेली. बऱ्याच वेळाने कळलं की ही भिंत म्हणजे डेक आहे. जहाज कुशीवर, त्यामुळे ज्यावर खलाशी चालायचे ते उभं झालेलं. डेकवरून बाजूला आडवा आलेला नियंत्रणाचा मनोरा, होड्या उतरवायच्या वाकड्या लोखंडी दांड्या, नांगराची साखळी ओढणारे चाकासारखे कॅप्स्टन. डोकं एका बाजूला कलतं करून बघितलं की सगळं जागच्या जागी बसतं.

आत शिरू नका. उघड्या भोकांतून पलीकडचा प्रकाश दिसतो आणि मोह होतो, पण शंभर वर्षांचं पोलाद सुटं होत चाललं आहे आणि एका फिनच्या (पायातल्या वल्ह्याच्या) फटक्याने उठलेला गाळ मिनिटांत सगळं मिटवतो. त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. काही उचलूही नका. २००१ पासून ही सातही जहाजं संरक्षित स्मारकं आहेत. एक पितळी खिळा नेला तरी गुन्हा. त्या २१ जूनला नऊ जर्मन मारले गेले, त्यात मार्कग्राफचे कप्तान वॉल्टर शुमान होते. आणि जवळच ‘रॉयल ओक’ आहे, १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने बुडवलेली ब्रिटिश युद्धनौका. आठशेहून अधिक माणसं तिच्याबरोबर गेली. ती युद्धस्मशान आहे, तिथे डायव्हिंगला बंदी. तिच्यावरच्या हिरव्या बॉयाजवळून बोट जाताना आमच्या बोटीवर आपोआप गप्पा थांबतात.

ठरलेली वेळ किंवा ठरलेला बार, जे आधी येईल तेव्हा निघा. वर येताना रीळवरचा नारिंगी बॉया खालून सोडायचा, म्हणजे बोटीला तुम्ही कुठे आहात ते कळतं. रीळ कधीही अंगाला अडकवून ठेवू नका. दोर अटकला तर सोडून देता आला पाहिजे. थांब्यांवर हलकी हालचाल ठेवा. तळाशी उबदार आणि थांब्यावर गारठलेलं शरीर नायट्रोजन नीट सोडत नाही, म्हणून हात सुन्न होईपर्यंत तळाशी रेंगाळणं परवडत नाही. पृष्ठभागावर आल्यावर बोटीला मोठी ‘ठीक’ची खूण, आणि बोट जवळ येईपर्यंत मास्क-रेग्युलेटर जागेवर.

अंगठा वर करण्याबद्दल

माझ्या पहिल्या स्कापा आठवड्यात दुसऱ्या दिवशी मी दोरावर १८ मीटरपर्यंत गेले आणि श्वास लांब होईना. काही बिघडलं नव्हतं. हवा होती, सूट कोरडा होता, कान ठीक होते. फक्त छातीत एक घाई होती आणि ती जाईना. मी बडीकडे बघून अंगठा वर केला. त्याने तोच अंगठा मला परत दाखवला आणि आम्ही वर आलो. त्या माणसाने त्या डाइव्हसाठी वर्षभर पैसे साठवले होते. डेकवर त्याने माझे फिन काढायला मदत केली, स्किपरने चहाचा मग दिला, डाइव्ह मॅनेजरने कागदावर खोली आणि वेळ लिहिली. कारणाचा रकाना त्या कागदावर नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी क्योल्नवर गेले.

कुणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो, हा नियम सगळ्या क्लबांत म्हटला जातो. तो पाळला जातो की नाही हे तलावाकाठच्या गप्पांत कळतं. सुरुवातीला माणसं बघा म्हटलं ते यासाठी.

वर आल्यावरही हेच. सांधे दुखणं, अंगाला खाज किंवा डाग, मुंग्या, नेहमीपेक्षा वेगळाच थकवा, लघवी न होणं, यातलं काहीही वाटलं तर लगेच सांगा. खांदा सिलिंडर उचलून दुखतोय असं स्वतःला समजावू नका. बोटीवर ऑक्सिजन असतो, तो लगेच लावतात. स्किपर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कोस्टगार्डला कळवतो आणि पुढची चाकं फिरतात. उशीर बहुतेकदा लाजेमुळे होतो. बीसॅक दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतो. हिवाळ्यात एकदा तो सगळा वाचा. पानापानांवर बेंड्स (अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन येणारा आजार) झालेली माणसं आहेत, आणि त्यातली कितीतरी रात्रभर झोपून सकाळी बोलली.

संध्याकाळी

रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुवा, टोपण लावून. सूटचे सील पुसून पावडर लावा. टॉर्च चार्जिंगला. मग वही काढा आणि आठवणीत आहे तोवर लिहा: पाणी किती अंश, अंतर्वस्त्रांचे थर किती, शिसं किती, उतरताना आणि वर येताना किती बार, कुठे गार वाटलं, बडीने काय वेगळं केलं. माझ्या वहीत क्योल्नच्या पानावर लिहिलंय: ९ अंश, १२ किलो, ६ मीटरवर जरा हलके, डावा हातमोजा गळतो. पुढच्या सकाळी एक किलो वाढवला आणि हातमोजा बदलला.